आणखी थोडं पुढे

प्रेमिलाबाई रंगारींनी सव्वीस वर्षं महापालिकेच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की त्यांचं "सावधान" ऐकून शाळेमागच्या रस्त्यावरचा सायकलरिक्षावालासुद्धा क्षणभर ताठ व्हायचा. पंचेचाळिशीत कवायतीचं सामान हलवताना त्यांची कंबर धरली. चार महिने गादीवर गेले. औषधं थकली तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या रामदासपेठेतल्या एका वयस्कर योगशिक्षकांकडे जायला लागल्या. कंबर तर सुटलीच, पण त्या विद्येची गोडीही लागली. १९८१ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी पाचचा वर्ग सुरू केला. वर्ग फक्त साठीपुढच्या बायांसाठी.

"म्हाताऱ्या बायांले योगासनं?" त्यांचे यजमान शालिकराम हसले. तेही रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. "प्रेमिला, त्यायले बसता येते तर उठता येत नाही वं."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात तिघी आल्या, पावसाळा सरेपर्यंत चौदा झाल्या. कुणी विड्या वळून वळून मान गमावलेली, कुणी इमारतींच्या कामावर डोक्यावरून विटा वाहिलेली. लुगड्याचे ओचे नीट खोचून त्या सतरंजीवर बसत आणि एकमेकींचे पाय बघून हसत. बाईंनी संस्कृत नावं घेतलीच नाहीत. एक आसन होतं मांजरीचं, एक दरवाजाचं, आणि पाय लांब करून पुढे वाकायचं ते पाय धराचं. शिकवायची त्यांची रीतही वेगळी होती. समोर उभ्या राहून त्या करून दाखवायच्या थोडं आणि मग प्रत्येकीच्या मागे जाऊन तिच्या पाठीवर तळहात ठेवायच्या. म्हातारं शरीर खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. तोंड म्हणतं "होऊन राहिलं, होऊन राहिलं", आणि आत स्नायू थरथरत असतो. ती थरथर डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळते. कळली की बाई म्हणायच्या, "बस. इथंच. इथून पुढचं तुह्यं नाही."

या चौदा जणींत तुळसाबाई वयानं सगळ्यांत मोठी, अडुसष्ट वर्षांची. सगळी वस्ती तिला तुळसामाय म्हणायची. चौतीस वर्षं कापडगिरणीत रीळ भरण्याच्या खात्यात उभी राहिलेली. त्यामुळे पाय सुजलेले आणि पाठीला पोक. पहिल्या दिवशी ती आली ती चेष्टा करायलाच.

"जिंदगीभर वाकली मी, बाई. आता आनखी कुठं वाकवतं?"

"वाकवत नाही, माय. सरळ करतो."

तुळसामायला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिचा एक वर्ग चुकला नाही. शिस्त तर अशी, की गिरणीचा भोंगा झाल्यासारखी पावणेपाचला दारात हजर. सांगितलेलं तंतोतंत करायची. श्वास सोडा म्हटलं की सगळ्यांत आधी हिचा श्वास. मात्र कुठं थांबायचं हे तिला कळत नसे. मुकादमाच्या नजरेखाली आयुष्य गेलेलं. काम अर्धवट सोडायचं असतं हे तिच्या अंगालाच ठाऊक नव्हतं. बाईंना हे लवकर उमगलं, आणि पाय धरायच्या आसनाला त्या हमखास तिच्यामागे जाऊन बसत. दोन वर्षांत तुळसामायच्या पायांची सूज उतरली. विहाराच्या पायऱ्या कठडा न धरता चढायला लागली तेव्हा तिनं बाकीच्या तेराही जणींना घरी नेऊन चहा पाजला.

मग १९८४ च्या उन्हाळ्यात तिचा मुलगा देवाजी तिला शहराबाहेरच्या वाडी या गावी घेऊन गेला. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो माल उतरवून घ्यायचं काम करायचा, आणि गोदामांच्या मागेच ओळीनं बांधलेल्या सहा खोल्यांपैकी एकीत बायको गोपिकेसोबत राहायचा. म्हातारी आई वस्तीत एकटी राहते म्हणून लोक नावं ठेवत होते. नेलं त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण वाडीहून विहारात यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि मधला रस्ता ट्रकांनी भरलेला.

निघताना तुळसामायनं बाईंचा हात धरला. "मी तं येऊ शकत नाही आता. तूच येत जाय वं बाई, महिन्यातून एकदा. तू पाठीवर हात ठेवला की मले बरं वाटते."

"येईन ना, माय. नक्की येईन."

त्या एकदा गेल्या, जूनमधल्या एका मंगळवारी. दुसऱ्यांदा जायचं ठरलं त्या आठवड्यात मधुकररावांचा निरोप आला.

मधुकरराव निवृत्त इंजिनिअर. रामदासपेठेत त्यांनी वयस्कर मंडळींचा एक गट जमवला होता आणि त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. बाईंच्या गुरुजींनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. बाई गेल्या. मोठा हॉल, भिंतीला खसचा कूलर, प्रत्येकाची स्वतःची चटई. याच रामदासपेठेत बाईंची आई धुणंभांडं करायला जायची. लहानगी प्रेमिला मागच्या दाराशी बसून तिची वाट बघायची. आता त्याच पेठेतले डॉक्टर, वकील त्यांना "मॅडम, गुडघा इतपतच वाकवायचा ना?" असं विचारत होते. आठवड्यातले दोन दिवस तिकडे जायला लागले, मग तीन. वाडीचा मंगळवार मागे पडत गेला.

पावसाळा संपता संपता मधुकररावांनी नवी कल्पना काढली. "मॅडम, आपल्यातल्या कितीतरी जणांना घराबाहेर पडता येत नाही. तुमच्या आवाजात कॅसेट काढू. घरबसल्या लोक योगासनं करतील. आज हे नवीन वाटेल, पण पुढे असंच शिकवावं लागणार आहे."

बाईंना ते एकदम आवडलं. बिछान्याला खिळलेले, जिने न उतरू शकणारे असे कितीतरी लोक असतील. त्यांच्यापर्यंत कोण पोचतं?

रेकॉर्डिंग एका लहानशा खोलीत झालं. भिंतींना पोती ठोकलेली, पंखा बंद, मशीनपाशी ओमप्रकाश नावाचा तरुण. बाई विहारात बोलायच्या तशाच बोलायला लागल्या. "पाय लांब करा. जेवढं जमन तेवढं वाका. थांबा आता. दुखून राहिलं का? दुखत असन तर सोडून द्या." आणि थांबल्या. थरथर कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या थांबल्या.

ओमप्रकाशनं मशीन बंद केलं. "दीदी, इतना खाली जगह छोडेंगे तो सुननेवाला समझेंगा मशीन बिगड गया. टेप पे चुप्पी नहीं चलती."

मधुकररावही नम्रपणे म्हणाले, "आणि मॅडम, भाषा जरा प्रमाण ठेवली तर? पुण्यामुंबईकडेही पाठवता येईल. 'दुखतं का, दुखतं का' हे फार वेळा येतंय. लोक घाबरतील. उत्साह वाटला पाहिजे."

विचारत होते त्यांच्यात कुणी उद्धट नव्हतं. सक्तीही नव्हती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मधुकररावांनी ऐकलं असतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पण शाळेतल्या स्नेहसंमेलनात माईकवर बोलायचा तो जुना आवाज त्यांच्या गळ्यात आपसूक आला. स्वच्छ, लयीतला. "पश्चिमोत्तानासन. दोन्ही पाय सरळ. श्वास सोडत हळूहळू पुढे वाका. आणखी थोडं पुढे. आणखी थोडं. छान. कपाळ गुडघ्यांना टेकवण्याचा प्रयत्न करा. एक... दोन... तीन..." एका बाजूत अकरा आसनं बसली. थांबे सगळे गेले.

कॅसेटचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. घरी शालिकरामांनी ती टेपवर लावली आणि शेवटपर्यंत ऐकली.

"कशी वाटली?"

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण हे तू नाहीस. रेडिओवरची कोणी बाई बोलून राहिली असं वाटते."

बाईंना राग आला. दोन दिवस त्या त्यांच्याशी तुटक बोलत होत्या.

दिवाळीनंतर देवाजी घरी आला. हातात वाडीच्या हॉटेलातल्या आलूबोंड्यांचा पुडा. "बाई, माय लय आठवण काढते. कधी येता, विचाराले सांगतलं."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खुणा केलेले दिवस. मग कपाटातून एक कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. "तुझ्याकडे टेप आहे ना रे?"

"आहे ना. एका ड्रायव्हरकडून घेतला मागं."

"हे लावून दे मायला रोज सकाळी. माझाच आवाज आहे. म्हणावं, मी रोज येते असं समज."

देवाजी खूश झाला. तो गेला आणि बाईंना हलकं वाटलं. मंगळवार मोकळे झाले होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या बऱ्याच चुका माफ केल्या. ते हलकं वाटणं मात्र त्यांना कधी माफ करता आलं नाही.

मार्चमध्ये देवाजी पुन्हा आला. या वेळी रिकाम्या हातानं.

"माय झोपूनच आहे, बाई. वीस दिवस झाले. हंडा उचलतानी पाठीत उसण भरली. सरकारी दवाखान्यात नेलं तं फोटो काढला. मणका बसला म्हनते."

बाई त्याच्यासोबतच निघाल्या. तुळसामाय खाटेवर एका कुशीवर होती, पाठीला पट्टा. एवढ्याशा दिवसांत ती लहान झाल्यासारखी दिसत होती. गोपिकेनं पाण्याचा पेला ठेवला आणि एक शब्द न बोलता ती दाराबाहेर जाऊन तांदूळ निवडत बसली.

"जयभीम, बाई," तुळसामाय हसली. मग मुलाला म्हणाली, "जाय गा, बाईसाठी चहा सांगून ये चौकात. गोपिके, तूही जाय. दूध संपलं ना?"

दोघं गेल्यावर तिनं बाईंचा हात ओढून जवळ घेतला, आणि एखादं गुपित सांगावं तसं सांगू लागली. चार महिने रोज, न चुकता, तिनं टेप लावून आसनं केली होती. गोपिकेनं तिला बटणं शिकवली. कॅसेटची कोणती बाजू वर ठेवायची ते कळावं म्हणून नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. दोघं कामाला गेले की ही दार लावून सतरंजी टाकायची.

"पाय धराचं येते ना त्याच्यात, त्याच्यात लय त्रास होये मले. पण तू म्हनत होती, आनखी पुढं, आनखी पुढं. म्या म्हटलं, बाई म्हनते तं होत असन. त्या दिवशी गुडघ्याले कपाळ टेकत आलं होतं, बाई! एवढंसं राह्यलं होतं." तिनं बोटांनी अंतर दाखवलं. "अन् मंग पाठीत काहीतरी कडकन झालं."

"माय, दुखत होतं तर सोडलं काहून नाही वं?"

"तू सोड म्हनलीच नाही ना," तुळसामाय म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. उलट अभिमान होता. "तुह्या शब्दाबाहेर नाही गेली मी. मोजणी संपेपर्यंत तशीच राह्यली."

बाहेर ट्रक मागे घेताना कुणीतरी दरवाजावर थापा मारत ओरडत होतं. बाई खाटेच्या कडेला बसून राहिल्या.

"पोराले मी हंड्याचं सांगतलं," तुळसामाय कुजबुजली. "तूही तेच म्हनजो. त्याचं डोकं गरम आहे. तुह्यं नाव खराब व्हाले नाही पायजे. आपल्या वस्तीतली एक बाई तिकडं मोठ्या लोकांले शिकवून राह्यली, कमी आहे का?"

"नाही माय, मी सांगते त्याला."

"माह्यी शपथ आहे तुले."

देवाजी चहा घेऊन आला. "बाई, तुम्हीच सांगा, या वयात हिनं हंडा उचलाले पायजे होता का?" बाईंनी कपाला तोंड लावलं. चहा संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, आणि संपल्यावर बोलायची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मधुकररावांकडे गेल्या, कॅसेट बंद करा म्हणाल्या. मधुकरराव हादरले, माणूस भला होता. पण पाचशे कॅसेट घरोघरी गेल्या होत्या, कुणाकडे किती याची नोंद नव्हती. उरलेल्यांच्या डबीत त्यांनी छापील चिठ्ठी घातली, 'त्रास झाल्यास त्वरित थांबावे.' तुळसामायला वाचता येत नव्हतं, हे बाईंनी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? शिवाय खरं तर हेही होतं, की कितीतरी लोकांना त्या कॅसेटनं गुण आला होता. अर्धांगातून उठलेले एक निवृत्त न्यायाधीश बाईंना भर रस्त्यात हात जोडत. ते हात जोडणं त्यांना सोसेनासं झालं. रामदासपेठेचा वर्ग त्यांनी सोडला.

मंगळवार मात्र आता एकही चुकला नाही. दोन बस बदलून त्या वाडीला जात. आसन असं काही उरलंच नव्हतं; घोटे फिरवायचे, बोटं उघडायची-मिटायची, श्वास मोजायचा. तुळसामायच्या पाठीवर, पट्ट्याच्या वर, त्या तळहात ठेवून बसत. ती डोळे मिटून घ्यायची. गोपिका चहा ठेवायची आणि बाहेर जायची. बाईंना वाटायचं, दर आठवड्याला पाहुणी येते म्हणून ती वैतागली असेल. एकदा त्यांनी तिला विचारलंही, "तब्येत बरी नाही का तुझी?" ती म्हणाली, "मले काय होते, बाई," आणि राखेनं भांडी घासायला लागली. बाईंनी पुढे विचारलं नाही.

१९८६ च्या जानेवारीत तुळसामायला न्यूमोनिया झाला. चार दिवसांत ती गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातल्या साऱ्या जणी वाडीला आल्या होत्या. वंदना झाली, आणि चार शब्द बोलायला देवाजी उभा राहिला.

"मायनं आमच्यासाठी जिंदगी झिजवली," तो म्हणाला. "अन् आमच्या घरात तिच्याकडून पाणी भरून घेतलं गेलं. हंड्यानं माह्या मायची पाठ मोडली. ते मी विसरू शकत नाही."

बायांच्या नजरा दाराकडे वळल्या. तिथं गोपिका बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. कुणीतरी कुजबुजलं, "सासूले पाणी भराले लावलं म्हनते हिनं." दुसरी म्हणाली, "आजकालच्या सुना..."

आणि बाईंच्या लक्षात आलं. वर्षभर जे समोर होतं ते त्याच क्षणी लक्षात आलं. खोटं बोलताना तुळसामायनं बाईंचं नाव वाचवलं होतं. त्या खोट्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर जाईल याचा विचार तिनंही केला नव्हता, आणि बाईंनीही नाही.

"बाई, तुम्ही दोन शब्द बोला," कुणीतरी म्हणालं.

त्या उभ्या राहिल्या. चांगलं बोलल्या. तुळसामायची शिस्त, तिचा पावणेपाचचा नेम, विहाराच्या पायऱ्या. बायांनी डोळे पुसले. बोलत असताना खरी गोष्ट दोनदा त्यांच्या ओठांवर आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी "जयभीम" म्हणून भाषण संपवलं.

पुढचे दहा महिने त्या स्वतःला समजावत राहिल्या. शपथ आहे. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं का? आता उकरून काय होणार? शालिकरामांना त्यांनी सगळं सांगितलं होतं. ते एकदाच म्हणाले, "शपथ तुले सोयीची पडली, प्रेमिला." मग तेही गप्प राहिले.

नोव्हेंबरात सीताबर्डीच्या बसथांब्यावर देवाजी भेटला. दाढी वाढलेली.

"गोपिका कशी आहे?"

"काटोलला आहे, मायेरी. आठ महिने झाले." तो दुसरीकडे बघत बोलला. "रोज भांडण व्हाचं, बाई. ती म्हने, मी पहाटेच सगळं पाणी भरून ठेवत होती. मी म्हनो, मंग माय खोटं बोलली का? एक दिवस हात उठला माह्या. गेली ती."

बस आली आणि गेली. बाई त्याला थांब्यामागच्या बाकावर घेऊन गेल्या. तिथं, लोकांच्या गर्दीत, त्यांनी सगळं सांगितलं. टेप, आसन, मोजणी, शपथ. काही झाकलं नाही.

देवाजी स्वतःच्या पायांकडे बघत होता. तो ओरडेल असं बाईंना वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दीड वर्षाच्या वर झालं, बाई," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही दर मंगळवारी माह्या घरी येत होत्या."

"हो."

"तिच्या हातचा चहा पेत होत्या."

"हो रे."

"मले नका सांगू आता. तिले सांगा."

दोघं रविवारी काटोलला गेले. गोपिकेच्या भावाच्या अंगणात संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या. गोपिका ओसरीवर उभी राहिली, बसा म्हणाली नाही. बाईंनी उभ्यानंच सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. देवाजी "चुकलो मी" म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले माहीत होतं," ती बाईंना म्हणाली. "त्या दिवशी मी कामाहून आली तं हंडे काठोकाठ भरले होते. सतरंजी खाली होती अन् टेप चालूनच होता, नुसता खरखर करत. मी यायले सांगतलं. हे म्हणाले, बाईवर आळ घेते का."

बाईंनी मान खाली घातली. "मला माफ कर म्हणायचा मला हक्क नाही, गोपिका. काय करू सांग."

"मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "वाडीतल्या बायांले सांगा. नळावर मी गेली की त्या बाजूले व्हाच्या. त्यायले सांगा, माह्या समोर."

मग तिनं आत जाऊन पायात चपला घातल्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, बाई तिच्या शेजारी, आणि देवाजी सारा रस्ता उभा होता.

वाडीला पोचले तेव्हा दुपार उतरत होती. गोदामांना सुटी, म्हणून ट्रक ओळीनं उभे. बाईंनी पहिल्या खोलीचं दार वाजवलं. बिहारकडचं एक जोडपं होतं. तीन महिन्यांपूर्वी आलेलं. "कौन तुळसाबाई?" दुसऱ्या खोलीला कुलूप. तिसरी देवाजीचीच. चौथ्या खोलीत दोन क्लीनर राहायला आले होते. ट्रान्सपोर्टची माणसं, खोल्या अशाच भरत नि रिकाम्या होत. जुनी दोनच दारं उरली होती, पाचवं आणि सहावं. यमुताई नावाची एक बाई आणि तिची शेजारीण.

त्या दोघींना बाईंनी बाहेर बोलावलं. गोपिका चार पावलांवर उभी होती. सव्वीस वर्षं मैदानावर घुमलेला आवाज होता तो, पण या वेळी त्याला खाकरून वाट करून द्यावी लागली.

"गोपिकेनं सासूले पाणी भराले लावलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुळसामायची पाठ माह्या टेपमुळे मोडली. मी पुढं वाका म्हटलं, थांबा म्हटलं नाही. अन् मंग मी गप्प राह्यली."

यमुताईनं आधी बाईंकडे पाहिलं, मग गोपिकेकडे. "आम्हाले काय माहीत, बाप्पा," ती म्हणाली. "म्हातारीच तसं सांगत होती." शेजारीण म्हणाली, "झालं ते झालं." आणि ती आत निघून गेली, कारण चुलीवर तिचं वरण होतं.

बाकीच्या तीन दारांकडे गोपिकेनं एकदा बघितलं. मग देवाजीला म्हणाली, "कुलूप उघडा," आणि त्याच्यामागून खोलीत गेली. बाईंना तिनं आत बोलावलं नाही. बाई अमरावती रोडवर येऊन शहराकडच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.